वाचकांचे प्रश्न: बिनअंड्याचं वॅफल, गोडी फक्त फळांची

वॅफलमधली साखर काढून तिथं फळं घालायची आणि अंडंही वगळायचं, याविषयी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सगळीकडे मापं अशी: कप 240 मिली, मोठा चमचा 15 मिली, लहान चमचा 5 मिली, चमचे सपाट. घरी वजनकाटा असेल तर तोच वापरा, कारण कणीक चेपून भरली की कपात सहज 20-25 ग्रॅम जास्त बसते.

प्रश्न (नाशिक): साखरेऐवजी दोन पिकलेली केळी कुस्करून घातली. वॅफल बाहेरून काळपट झालं, आत गिचगिचीत राहिलं. वेळ वाढवला तर करपलं. नेमकं कुठं चुकतं?

खोट कृतीतच आहे. साखर कोरडी असते, केळ्यात मात्र तीन चतुर्थांश पाणी असतं. दोन मध्यम केळ्यांचा गर सुमारे 200 ग्रॅम भरतो, त्यातलं 150 ग्रॅम नुसतं पाणी. दूध तेवढं कमी केलं नाही तर पीठ आतून शिजायला फार वेळ घेतं.

दुसरी अडचण फळातल्या साखरेच्या जातीची. पिकलेल्या फळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर असतात. त्यांचा दुधातल्या आणि पिठातल्या प्रथिनांशी थेट संयोग होतो आणि रंग पटकन चढतो. साधी साखर आधी फुटावी लागते, मगच हे घडतं. शिवाय फ्रुक्टोज सुमारे 110 अंश सेल्सिअसलाच तपकिरी व्हायला लागतं, साध्या साखरेला 160 च्या आसपास तापमान लागतं. वॅफल मेकरचे साचे तर 180 ते 200 अंशांवर असतात. मग आतलं पाणी उडायच्या आधीच बाहेरची बाजू काळी पडते.

उपाय असा की गोडी सुक्या फळातून घ्यायची आणि ओल्या फळाकडून फक्त स्वाद. मऊ खजुरात पाणी साधारण 20 टक्के, मनुकांत 15 टक्क्यांच्या आसपास, खारकेत त्याहून कमी. पाणी किती घालायचं हे मग फळ ठरवत नाही, आपण ठरवतो.

साधारण सहा चौकोनी वॅफल्ससाठी प्रमाण असं. बिया काढलेला मऊ खजूर 80 ग्रॅम (मध्यम आकाराचे नऊ-दहा) 100 मिली कडकडीत पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि त्याच पाण्यासकट मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढा. सालीचे तुकडे राहिले तर साच्याला तेच आधी चिकटतात, म्हणून शंका असेल तर गाळून घ्या. जवसाची ताजी पूड 1 मोठा चमचा 3 मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. ती बुळबुळीत झाली की खजुराच्या लगद्यात घाला. त्यातच 100 ग्रॅम दही (आंबट चालेल, पण पाणी सुटलेलं नको), 80 मिली दूध आणि 45 ग्रॅम पातळ केलेलं तूप किंवा बिनवासाचं तेल घालून घोटा. तूप वापरायचं तर दही-दूध फ्रिजमधून आधी काढून ठेवा, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात.

दुसऱ्या भांड्यात कणीक 120 ग्रॅम, तांदळाची पिठी 40 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा आणि वेलची किंवा जायफळ एकत्र चाळा. मीठ वगळू नका. फळांची गोडी मिठाशिवाय सपक लागते. ओलं मिश्रण कोरड्यात ओता, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. चक्कीवरची कणीक पाणी सावकाश पिते. दहा मिनिटांनी पीठ पळीवाढं हवं: पळीतून सलग पडलं पाहिजे आणि पडल्यावर आपोआप पसरलं पाहिजे. घट्ट वाटलं तर दूध एकेक मोठा चमचा वाढवा. भिजवलेलं पीठ मात्र पुन्हा जोरात ढवळू नका, सोड्याने धरलेले बुडबुडे मोडतात.

साचा पूर्ण तापू द्या, पण खटका मध्यमवर ठेवा. एका ते पाचपैकी आकडे असतील तर तीन, कधी अडीच. साखरेच्या वॅफलला तीन-चार मिनिटं लागतात, याला पाच ते सहा. यंत्रावरचा हिरवा दिवा साखर-अंड्याच्या कृतीचा अंदाज धरून लागतो, त्यावर विसंबू नका. कडेनं निघणारी वाफ बघा. ती जवळजवळ थांबली की वॅफल झालं.

प्रश्न (पुणे): झाकण उचललं की वॅफलचे आडवे दोन भाग होतात, अर्धा वर चिकटतो, अर्धा खाली. साचा नॉनस्टिक आहे.

अंड्यातलं प्रथिन 60 ते 80 अंशांदरम्यान आळतं आणि वॅफलला लवकर आकार देतं. अंडं नसलं की सगळा भार पिठातल्या स्टार्चवर आणि ग्लुटेनवर (गव्हातल्या चिवट प्रथिनावर) येतो, आणि त्यांना पक्कं व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून पहिली चार मिनिटं झाकणाला हातही लावू नका. नंतर उचलताना जरा जरी ओढ जाणवली तर झाकण परत टेकवा आणि आणखी मिनिटभर थांबा. शिजलेलं वॅफल साचा स्वतःहून सोडतं, कच्चं असेल तेच फाटतं.

एवढी काळजी घेऊनही फाटत असेल तर सोडा तपासा. पाव चमच्याऐवजी अर्धा पडला तर आत मोठी छिद्रं होतात आणि मध्यभागी थर विलग होतो. रंगही भलताच काळा येतो आणि साबणासारखी चव लागते. दुसरं कारण पिठात तूप-तेल कमी असणं. पौष्टिक करायच्या नादात अनेक जण 45 ग्रॅमचं 15 ग्रॅम करतात, आणि मग कुठलाही नॉनस्टिक साचा वॅफल सोडत नाही. तेल पिठातच हवं, साच्याला वरून लावलेल्या थेंबांनी ती भरपाई होत नाही.

तिसरं कारण साच्यावरचा जुना थर. फळांची साखर खाचांमध्ये पातळ, तपकिरी लाखेसारखी बसते आणि पुढचं प्रत्येक वॅफल तिलाच चिकटतं. यंत्र बंद करून प्लग काढा, साचा कोमट असताना ओला, घडी घातलेला पंचा दोन्ही साच्यांच्या मध्ये पाच मिनिटं ठेवा आणि मऊ ब्रशनं पुसा. सुरी, तारेची घासणी नको. डब्यातून फवारायचं तेलही टाळा. त्यात बहुतेक वेळा लेसिथिन असतं आणि ते तापून चिकट पापुद्रा धरतं. सिलिकॉनच्या ब्रशनं तेल किंवा साजूक तूप लावा. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश करपतो.

प्रश्न (कोल्हापूर): अंड्याऐवजी कुणी जवस सांगतं, कुणी केळं, कुणी दही, कुणी छोल्यांचं पाणी. खरं काय?

अंडं तीन-चार कामं करतं आणि यातला प्रत्येक पदार्थ त्यातलं एखादंच करतो, म्हणून उत्तरं वेगवेगळी मिळतात. जवस बांधून ठेवतं, फुगवत नाही. दही सोड्याबरोबर फुगवतं आणि कणीक मऊ करतं, पण बांधत नाही. केळं थोडं बांधतं, त्याबरोबर पाणी, गोडी आणि स्वतःची ठसठशीत चव आणतं. वरच्या कृतीत जवस आणि दही दोन्ही आहेत ते याचसाठी. जवस न भाजता, ताजं दळून घ्या. महिनाभर बरणीत राहिलेल्या पुडीला खवट वास येतो आणि तो गरम वॅफलमध्ये लगेच कळतो.

काबुली चणे उकडलेलं पाणी हा एकच पर्याय अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेसाळतो. चणे मीठ आणि सोडा न घालता शिजवा. पाणी पातळ असेल तर आटवून बोटाला किंचित चिकटेल इतकं दाट करा आणि पूर्ण गार होऊ द्या. 6 मोठे चमचे पाणी आणि पाव लहान चमचा लिंबाचा रस, तेलाचा अंशही नसलेल्या भांड्यात, विजेच्या बीटरनं पाच-सहा मिनिटं फेटलं की पांढराशुभ्र घट्ट फेस येतो. तो सगळ्यात शेवटी पिठात अलगद मिसळायचा, आणि कृतीतलं 80 मिली दूध वगळायचं. वॅफल लक्षणीय हलकं होतं. पण रोजच्या नाश्त्याला एवढी खटपट नको, पाहुणे असतील तेव्हा करा.

प्रश्न (ठाणे): घरात खजूर कुणाला आवडत नाही. हापूस, फणस, चिकू, अननस यांचं जमेल का?

जमेल, पण प्रत्येकाची वागणूक निराळी.

आधी खजुराला पर्याय. डिंकाच्या लाडवांसाठी किराणा दुकानात मिळणारी खारकेची पूड या कामाला फार उपयोगी आहे आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. 60 ग्रॅम पूड 120 मिली कोमट दुधात अर्धा तास भिजवा आणि तेव्हा खजुराचं पाणी वगळा. भिजवल्याशिवाय घातली तर कचकच लागते. वसईकडची सुकेळी मिळत असतील तर त्यांच्याइतका चांगला केळ्याचा स्वाद ताज्या केळ्यानेही येत नाही: राजेळी केळी उन्हात वाळवलेली, म्हणजे गोडी आणि वास दोन्ही एकवटलेले. 80 ग्रॅम बारीक कापून गरम पाण्यात भिजवून वाटा. काळ्या मनुकाही चालतात, रंग मात्र गडद येतो.

हापूस: आमरस तसाच ओतू नका. एक कप रस जाड बुडाच्या कढईत मंद आंचेवर निम्मा होईपर्यंत आटवा, सतत हलवत. हा आटवलेला रस 100 ग्रॅम घ्या, खजूर 40 ग्रॅमवर आणा, तो 50 मिली पाण्यात भिजवा आणि दूध 40 मिली ठेवा. डबाबंद रस वापरणार असाल तर लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा साखर घातलेली असते.

बरक्या फणसाचा रस सांदणांसाठी काढतो तसा चाळणीवर चोळून काढा, नाहीतर रेषा साच्यात अडकतात. हाही थोडा आटवा. यात कणकेचं प्रमाण कमी करून तांदळाची पिठी निम्म्यापर्यंत नेली तर चव जास्त खुलते. गऱ्याला मुळातच भरपूर गोडी असल्यामुळे खजूर पूर्ण वगळता येतो.

चिकू पूर्ण पिकलेलाच हवा. जरा कच्चा असला तर तुरटपणा शिजवल्यावरही जात नाही.

अननसाबाबत सावध राहा. कच्च्या अननसात ब्रोमेलिन, पपईत पपेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन ही प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दह्या-दुधात मिसळून दहा मिनिटं ठेवलं की मिश्रण कडू होतं. तुकडे आधी पाच-सात मिनिटं शिजवा, रस आटू द्या, मग वापरा. उष्णतेनं विकरं निष्क्रिय होतात. स्ट्रॉबेरी, संत्रं, द्राक्षं पिठात घालूच नका. त्यांचं पाणी फार. ती वरून घ्यायची फळं आहेत.

कुठल्याही फळाचे मोठे तुकडे पिठात टाकू नयेत. साच्याला टेकलेला तुकडा जळतो आणि तिथंच वॅफल अडकतं.

प्रश्न (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर): साच्यातून काढताना कुरकुरीत असतात, पाच मिनिटांत मऊ पडतात.

ताटलीत ठेवता का? मग खालची वाफ परत वॅफलमध्येच शिरते. पापड भाजायची जाळी दोन वाट्यांवर आडवी ठेवा आणि त्यावर एकेक सुटं ठेवा. एकावर एक रचू नका, वर झाकण नको.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे फळांच्या गोडीचं वॅफल साखरेच्या वॅफलइतकं वेळ कुरकुरीत राहत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर नाहीच. जास्तीत जास्त जे करता येतं ते असं: तांदळाच्या पिठीतली 15 ग्रॅम काढून तिथं कॉर्नफ्लोअर घाला, आणि दोनदा भाजा. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग जाळीवर दोन-तीन मिनिटं, आणि खायच्या वेळी पुन्हा साच्यात एक मिनिट. सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर ओव्हन 100 अंशांवर ठेवून जाळीसकट आत सरकवा.

प्रश्न (सोलापूर): मधुमेह असलेल्यांना हे चालतं ना?

‘वरून साखर घातली नाही’ म्हणजे ‘साखर नाही’ असं नव्हे. 80 ग्रॅम खजुरात सुमारे 50 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहांतल्या एका वॅफलमध्ये आठेक ग्रॅम, शिवाय कणीक आणि तांदूळ यांचं स्टार्च वेगळं. एक वॅफल, वर गोड काही न घेता, सोबत दही किंवा मूठभर शेंगदाणे, असा हिशेब बसू शकतो, पण तो ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांना विचारूनच बसवावा. खजुराचा पाक आणि फळांचा रस यांना तर अजिबात निरुपद्रवी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मध, पाक आणि फळांचे रस यांतली साखर मर्यादेत ठेवायच्या साखरेतच मोजली जाते. अख्ख्या फळातली नाही.

प्रश्न (रत्नागिरी): उपासाला आणि गहू न चालणाऱ्यांसाठी काही?

वरीचं पीठ 100 ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ 40 ग्रॅम, राजगिऱ्याचं पीठ 20 ग्रॅम. बाकी प्रमाण तेच, फक्त जवसाऐवजी एक लहान उकडलेला बटाटा गुळगुळीत वाटून घाला. ग्लुटेन नसताना बांधून ठेवायला बटाटा आणि साबुदाणा दोन्ही लागतात. राजगिरा वाढवू नका, वॅफल जड होतं. पीठ अर्धा तास भिजू द्या. उपासाला सोडा चालतो की नाही हे घराघरावर आहे; चालत नसेल तर सोडा आणि बेकिंग पावडर वगळून पीठ पातळ करा आणि साच्यात कमी ओता, म्हणजे पातळ आणि कडक होतं.

नाचणी वापरायची तर कणकेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

प्रश्न (आइंडहोवन, नेदरलँड्स): शेजारच्या बेल्जियममध्ये यीस्टची वॅफल्स मिळतात. अंडं आणि साखर वगळून ती घरी करता येतील का?

तिकडे दोन प्रकार मुख्य आहेत. ब्रसेल्सचं आयताकृती, हलकं, खोल खाचांचं. आणि लिएजचं जाड, घट्ट मळलेल्या पिठाचं, ज्यात मोत्यांसारखी भरड साखर असते. लिएजच्या वॅफलचं सगळं वैभव त्या साखरेच्या बाहेर वितळून कडक झालेल्या कवचात आहे. फळांनी ते साधत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नका.

ब्रसेल्सच्या धर्तीचं छान होतं. मैदा किंवा निम्मा मैदा-निम्मी कणीक मिळून 250 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 1 लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, कोमट दूध 380 मिली, पातळ केलेलं लोणी 80 ग्रॅम. एकत्र करून खोलीत तासभर ठेवा, मग रात्रभर फ्रिजमध्ये. भांडं दुप्पट मोठं घ्या. खजुराचा लगदा (100 ग्रॅम खजूर, 60 मिली पाणी) रात्री घालू नका. यीस्ट ती साखर रातोरात खाऊन टाकतं, सकाळी पीठ आंबट आणि बसलेलं मिळतं. लगदा सकाळी, भाजायच्या अर्धा तास आधी मिसळा, चिमूटभर सोड्यासह. साचा नेहमीच्या मध्यमपेक्षा किंचित वर ठेवा, कारण या पिठात गोडी त्या मानानं कमी आहे.

प्रश्न (सांगली): वॅफल मेकर नाही. सँडविच टोस्टर चालेल?

चालेल, सपाट किंवा रेघांचे साचे असतील तर. पीठ थोडं कमी ओता, कारण त्याला कडेची खाच नसते आणि पीठ बाहेर ओघळतं. त्रिकोणी खाचांच्या टोस्टरमध्ये मधला भाग जाड राहतो, तिथं कच्चं राहण्याचा संभव जास्त. त्यापेक्षा आप्पेपात्र बरं: हेच पीठ, मंद आंच, झाकण ठेवून तीन मिनिटं, उलटून दोन.

प्रश्न (नागपूर): मुलांच्या डब्यासाठी आधी करून ठेवता येतील का? वरून काय द्यावं?

फ्रिजमध्ये नको, फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रिजच्या तापमानाला स्टार्च लवकर कडक होतं आणि वॅफल वातड लागतं. पूर्ण गार झाल्यावर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत भरा, हवा काढून बंद करा. तीन-चार आठवडे चव चांगली राहते. फ्रीझर नेहमीचा वापरायचा असेल तर भाजताना एक मिनिट आधी, फिकट असतानाच काढा. सकाळी न वितळवता थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर मंद आंचेवर घाला, तेव्हा उरलेला रंग चढतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर रबरासारखं होतं.

डब्यात वरून ओलं काही घालू नका, लहान डबीत वेगळं द्या. चक्क्यात भिजवून वाटलेल्या मनुका आणि वेलची घातली की साखरेची गरज पडत नाही. 100 ग्रॅम चक्क्याला 40 ग्रॅम मनुका पुरतात. हंगामात अंजीर मिळाले तर चार अंजीर दोन चमचे पाण्यात मऊ शिजवून कुस्करा, लिंबाचे दोन थेंब पिळा. हे फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं.